रक्तचाचणीची पट्टी : उपयोग, मर्यादा आणि आपले कर्तव्य

(सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त जठारपेठ, अकोला येथे आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते शहरातील ज्येष्ठ विकृतिशास्त्र तज्ज्ञ आहेत.)



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. इतकी वर्षे जी संस्था टिकते, तिच्यामागे अनेक हातांचे निरपेक्ष श्रम असतात. त्या ज्ञात-अज्ञात हातांना प्रथम वंदन करतो आणि विषयाकडे वळतो.

सुवर्ण महोत्सवी वर्षात न्यासाने विनामूल्य रक्ततपासणी शिबिरे घेण्याचे योजिले आहे. बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त घ्यावयाचे, ते एका लहानशा पट्टीवर ठेवावयाचे आणि काही क्षणांत शर्करा, काही मिनिटांत कोलेस्टेरॉल सांगावयाचे, अशी ही योजना आहे. विश्वस्तांनी मला दोन प्रश्न विचारले. या पट्ट्यांवर समाजाचा पैसा खर्च करावा काय? आणि करावयाचा झाल्यास तो कशा रीतीने करावा? आजचे माझे भाषण म्हणजे या दोन प्रश्नांचे उत्तर आहे. समाजाने दिलेला पैसा म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव होय, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

पट्टी आली कोठून?

मधुमेह आपल्या देशाला नवा नाही. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धाव घेतात हे लक्षण नोंदविलेले आहे. मुंगी ही मधुमेहाची पहिली तपासणी होती असे म्हटले तरी चालेल. पुढे विसाव्या शतकात बेनेडिक्ट यांचे निळे द्रावण आले. परीक्षानळीत ते घ्यावयाचे, त्यात लघवीचे काही थेंब टाकावयाचे आणि उकळावयाचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा आणि शेवटी विटकरी झाला तर साखर वाढत गेलेली. सभेतील वडीलधाऱ्यांपैकी अनेकांना स्टोव्हवर तापणारी ती नळी आठवत असेल.

या कटकटीतून मुक्तता केली ती अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट या गावच्या माइल्स प्रयोगशाळेतील आल्फ्रेड आणि हेलन फ्री या दांपत्याने. लघवीत बुडवून साखर पाहण्याची त्यांची कागदी पट्टी १९५६ मध्ये बाजारात आली. ‘बुडवा आणि वाचा’ एवढीच तिची कृती होती. हेलन फ्री यांचे २०२१ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी निधन झाले. त्याच संस्थेतील अर्नेस्ट अ‍ॅडम्स यांनी १९६० नंतरच्या दशकात रक्ताची पट्टी सिद्ध केली. रक्ताचा मोठा थेंब पट्टीवर एक मिनिट ठेवावयाचा, पाण्याने धुवावयाचा आणि उमटलेला निळा रंग तक्त्याशी ताडून पाहावयाचा. डोळ्यांनी रंग ओळखण्यात माणसामाणसांत फरक पडे, म्हणून १९७० च्या सुमारास रंग मोजणारे यंत्र आले. ते इतके जड आणि महाग होते की दवाखान्याबाहेर त्याचा उपयोग नव्हता.

दुसरी वाट लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये दाखविली होती. रंग पाहण्याऐवजी त्या क्रियेतून निर्माण होणारा विद्युत्प्रवाह मोजावा, ही ती कल्पना. तिच्यावर आधारलेले लेखणीच्या आकाराचे यंत्र १९८७ मध्ये विक्रीस आले आणि तेथून आजचा ग्लुकोमीटर घरोघरी पोहोचला. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत १९७४ मध्ये विकर वापरून ते मोजण्याची सोपी पद्धत प्रसिद्ध झाली. पूर्वी त्यासाठी तीव्र आम्ले हाताळावी लागत. विकरांमुळे हे काम सौम्य झाले आणि पुढील दशकात तेही पट्टीवर उतरले.

पट्टीवर काय घडते?

हे समजून घेतल्याशिवाय तिच्या मर्यादा समजणार नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो.

शर्करेच्या पट्टीवर वाळवून ठेवलेले विकर असते. रक्तातील ग्लुकोज त्याच्या संपर्कात येताच त्याचे ऑक्सिडीकरण होते, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पट्टीवरील सूक्ष्म विद्युत्अग्र ते मोजतात. म्हणजे यंत्र साखर मोजत नाही; साखरेमुळे निर्माण झालेला प्रवाह मोजते आणि त्यावरून साखरेचा हिशेब मांडते. विकर दुर्बळ झाले तर हिशेब चुकणार, हे ओघानेच आले.

कोलेस्टेरॉलच्या पट्टीवर दोन-तीन पायऱ्या अधिक आहेत. प्रथम एक बारीक जाळी रक्तातील तांबड्या पेशी अडवून धरते. खाली उतरलेल्या द्रवातील बद्ध कोलेस्टेरॉल पहिले विकर मोकळे करते. दुसरे विकर त्याचे ऑक्सिडीकरण करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. तिसरे विकर त्या पेरॉक्साइडच्या साहाय्याने रंग उमटविते आणि तो रंग यंत्र वाचते. जितक्या पायऱ्या अधिक, तितक्या चुकण्याच्या जागा अधिक. कोलेस्टेरॉलच्या पट्टीला साखरेच्या पट्टीपेक्षा अधिक काळजीने हाताळावे लागते ते यामुळेच.

आणखी एक गंमत सांगतो. ग्लुकोज ओळखणारे प्रसिद्ध विकर एका काळ्या बुरशीपासून मिळते आणि रंग उमटविणारे विकर मोहरीच्या कुळातील हॉर्सरॅडिश नावाच्या वनस्पतीच्या मुळापासून काढतात. आपल्यापैकी अनेकांना कंदमूळ वर्ज्य आहे. परंतु ही पट्टी खावयाची नसते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

शाकाहारी माणसाला कोलेस्टेरॉलची भीती कशाला?

हा प्रश्न मला या परिसरात नेहमी विचारला जातो. ‘डॉक्टरसाहेब, आमच्या सात पिढ्यांत कोणी अंडे खाल्ले नाही, मग हा विकार आम्हाला कसा?’ प्रश्न रास्त आहे. वनस्पतिजन्य अन्नात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच, ते प्राणिजन्य अन्नात असते. परंतु दूध, लोणी आणि तूप हेही प्राणिजन्यच आहेत. त्याहून महत्त्वाचे असे की शरीरातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग आपण खात नाही. तो आपले यकृत आणि इतर पेशी तयार करतात. पेशींची आवरणे, संप्रेरके आणि पित्तरस यांसाठी ते लागतेच. तळलेले पदार्थ, वनस्पती तूप, मैदा, साखर, बैठे काम आणि आनुवंशिकता यांनी ही घडी बिघडते.

आपल्या समाजात ही घडी ज्या तऱ्हेने बिघडते ती विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या राष्ट्रव्यापी पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड हे प्रदेश होते. त्यातील स्निग्धांशविषयक निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक होते १३.९ टक्के. ट्रायग्लिसराइड वाढलेले होते २९.५ टक्के. आणि एचडीएल, ज्याला आपण बोलण्यात ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतो, ते कमी असलेले होते तब्बल ७२.३ टक्के. कोणता ना कोणता दोष असलेले लोक ७९ टक्के होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतर जे संशोधन केले, त्याने याचे मूळ गर्भावस्थेपर्यंत नेले. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी होती, तरी त्यांच्या अंगातील चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला सडपातळ, आतून स्थूल, असा हा भारतीय देह आहे. म्हणून ‘माझे वजन कमी आहे, मला तपासणीची गरज नाही’ असे आपल्याकडे कोणालाही म्हणता येत नाही.

आता हे आकडे पट्टीशी जोडून पाहू. बाजारात मिळणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या अनेक स्वस्त पट्ट्या केवळ एकूण कोलेस्टेरॉल दाखवितात. समजा, पन्नाशीच्या एका व्यापारी गृहस्थांची पट्टी १८० मिलिग्रॅम दाखविते. मर्यादा २०० ची, तेव्हा गृहस्थ आनंदाने घरी जातात. परंतु प्रयोगशाळेत संपूर्ण तपासणी केली असता एचडीएल ३२ आणि ट्रायग्लिसराइड २६० निघते. १९७२ पासून वापरात असलेल्या फ्रीडवाल्ड यांच्या सूत्राने हिशेब करा. एकूण १८० मधून एचडीएलचे ३२ आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा म्हणजे ५२ वजा केले की एलडीएल उरते ९६. म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल ठीक, एलडीएलही फारसे वाईट नाही. परंतु एचडीएल धोकादायकरीत्या कमी आणि ट्रायग्लिसराइड फार वाढलेले. अशा माणसाची साखर, रक्तदाब आणि कमरेचा घेर तातडीने पाहावयास हवा. पट्टीने त्यांना निर्धास्त केले, आणि आपल्या भागात नेमके असेच रुग्ण अधिक आहेत.

म्हणून विश्वस्तांना माझे पहिले निवेदन असे की केवळ एकूण कोलेस्टेरॉल दाखविणाऱ्या पट्ट्यांवर न्यासाचा पैसा खर्च करू नये. घ्यावयाचीच तर एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडही दाखविणारी घ्यावी. ती महाग पडते, हे मला ठाऊक आहे. त्याच पैशात शिरेतील रक्त घेऊन प्रयोगशाळेत संपूर्ण तपासणी होत असेल तर तो मार्ग अधिक चांगला.

आकडा म्हणजे अंतिम निकाल नव्हे

कोणतेही मापन थोडे इकडेतिकडे होतच असते. सोनाराच्या तराजूलाही सूट असते. एकूण कोलेस्टेरॉलच्या तपासणीत एकंदर ८.९ टक्क्यांपर्यंतची चूक स्वीकारार्ह मानणारा अमेरिकन निकष सर्वत्र वापरला जातो. म्हणजे खरे मूल्य २०० असेल तर यंत्राने १८३ सांगितले काय आणि २१७ सांगितले काय, दोन्ही निकषात बसतात. ग्लुकोमीटरसाठी २०१३ चा आंतरराष्ट्रीय निकष सांगतो की १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मूल्य असता ९५ टक्के निष्कर्ष १५ टक्क्यांच्या आत असावेत आणि १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत असावेत. ही सूट चांगल्या यंत्राची आहे, वाईट यंत्राची नव्हे.

याचा व्यवहारातील अर्थ काय? गेल्या महिन्यात २०८ होते, या महिन्यात १९६ झाले, म्हणून औषध बंद करणारे रुग्ण मी पाहतो. तो फरक औषधाचा असेल, आहाराचा असेल अथवा केवळ यंत्राचा असेल. एका पट्टीवरून ते सांगता येत नाही. आकडा चांगला आला तर बहुधा तो गोळीमुळे चांगला आला आहे, हेही विसरता कामा नये. तसेच मधुमेहाचे निदान एका ग्लुकोमीटरच्या आकड्यावर करू नये. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, ग्लुकोज प्याल्यानंतरच्या विहित चाचणीत २०० किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक, हे निकष प्रयोगशाळेतील तपासणीचे आहेत आणि लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करावी लागते. पट्टीचे काम दाराशी हाक देण्याचे आहे. आत कोण आहे हे प्रयोगशाळेने सांगावयाचे.

आपल्या वऱ्हाडातील तीन अडचणी

पट्टीच्या डब्यावरील सूचना शीत देशांतील घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या वाटतात. आपल्याकडे तीन गोष्टी विशेष सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट ऊन. बहुतेक उत्पादक पट्ट्या साधारण ३० अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवण्यास सांगतात. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. स्कूटरच्या डिकीत, दुकानाच्या पत्र्याखालील खणात किंवा उन्हात उभ्या मोटारीत पट्ट्यांचा डबा राहिला, तर आतील विकरांचे काय होईल याची कल्पना करा. डबा बाहेरून तसाच दिसतो. आकडा मात्र भरवशाचा राहत नाही. पावसाळ्यात हीच गोष्ट ओलाव्याची. पट्टी काढताच डब्याचे झाकण घट्ट लावावे, डबा उघडल्याची तारीख त्यावर लिहावी आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीनंतर उरलेल्या पट्ट्या टाकून द्याव्यात. मे महिन्यात मंडप टाकून शिबीर घेऊ नये, ते थंडीत घ्यावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

दुसरी गोष्ट आपली लाडकी संत्री. जपानमधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग आहे. संत्री, द्राक्षे आणि किवी ही फळे सोलल्यावर हात न धुता बोटाचे रक्त तपासले, तेव्हा साखर खोटीच वाढलेली दिसली. केवळ स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही ती खोटी वाढ गेली नाही. पाण्याने हात धुतल्यावरच गेली. संत्र्याच्या मुलखात हे प्रत्येकाने पाठ करावे. साबण-पाण्याने हात धुवा, कोरडे करा आणि मगच टोचा. बोटाच्या मध्यभागी न टोचता कडेला टोचावे, म्हणजे दुखत कमी. रक्त येत नाही म्हणून बोट पिळू नये. पिळल्याने ऊतींतील पाणी रक्तात मिसळते.

तिसरी गोष्ट आपल्या भगिनींची. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. तांबड्या पेशी कमी असल्या की अनेक ग्लुकोमीटर साखर प्रत्यक्षापेक्षा अधिक दाखवितात. अशा स्त्रीची साखर खरोखर घसरली असेल तर पट्टी ते झाकून टाकते. विदर्भात सिकलसेलचे रुग्णही आहेत आणि त्या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सिकलसेल असलेल्यांत तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीएवनसी चाचणीही फसवू शकते. म्हणून शिबिरात साखरेसोबत हिमोग्लोबिन पाहिले तर दोन्ही आकड्यांना अर्थ येतो.

तप, उपवास आणि साखर

आता ज्या विषयावर बोलावे असे मला सर्वाधिक वाटत होते, त्याकडे येतो.

सूर्यास्तानंतर न जेवण्याचा जो नियम आपल्यापैकी अनेकजण पाळतात, तो या तपासणीला अनुकूलच आहे. चौविहार करणारा मनुष्य नवकारशीपूर्वी आला तर त्याचे बारा तास सहज पूर्ण झालेले असतात. युरोपीय तज्ज्ञांनी २०१६ मध्ये कोलेस्टेरॉलच्या पहिल्या तपासणीसाठी उपाशी राहणे आवश्यक नाही असे मत दिले; तथापि ट्रायग्लिसराइड वाढलेले आढळल्यास उपाशीपोटीच्या तपासणीला महत्त्व राहतेच.

परंतु पर्युषणातील अठ्ठाई, निर्जळ उपवास किंवा दीर्घ तप ही वेगळी बाब आहे. निरोगी देहाला जे झेपते, ते मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या देहाला झेपेलच असे नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांची, तसेच ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर अन्नाविना धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे ही लक्षणे कधीकधी घरच्यांना तपाची थकवाट वाटते आणि मोलाचा वेळ निघून जातो. अशा वेळी ग्लुकोमीटर हे जीव वाचविणारे साधन ठरते. उपवास करणाऱ्या मधुमेहींसाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांत ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर आकडा गेला तर उपवास थांबवावा असे सांगितलेले आहे. ही तत्त्वे रमजानच्या रोजांसाठी तयार झाली, परंतु शरीराचा धर्म सर्वांचा एकच आहे.

दुसरा धोका त्याहून फसवा आहे. डॅपाग्लिफ्लोझिन आणि त्या वर्गातील इतर गोळ्या २०२० नंतर आपल्याकडे स्वस्त झाल्या आणि मोठ्या प्रमाणावर दिल्या जाऊ लागल्या. त्या उत्तम गोळ्या आहेत. परंतु त्या घेत असताना दीर्घ उपवास घडला तर रक्तात कीटोन नावाची आम्ले साचू शकतात आणि तेव्हा साखर फारशी वाढलेलीही नसते! ग्लुकोमीटर १६० दाखवितो, घरचे निश्चिंत असतात आणि रुग्णाला मळमळ, पोटदुखी, धाप सुरू झालेली असते. कीटोन मोजणारी वेगळी पट्टी मिळते, पण उपवासात कीटोन थोडे वाढतातच, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा. या गोळ्या तपापूर्वी किती दिवस थांबवावयाच्या, हे ठरविण्यासाठी पर्युषणाच्या निदान एक महिना आधी डॉक्टरांना भेटावे. आणखी एक सांगतो. निर्जळ उपवासात शरीर फार कोरडे पडले, रक्तदाब उतरला, तर बोटातील रक्त शरीरातील खरी स्थिती दाखवीत नाही. तेव्हा आकड्यावर विसंबू नका, माणसाकडे पाहा आणि रुग्णालय गाठा.

कोणी तप करावे वा करू नये हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. तो विषय आपला, आपल्या कुटुंबाचा आणि पूज्य गुरुजनांचा. माझी विनंती एवढीच की प्रत्याख्यान घेण्यापूर्वी आपण कोणत्या गोळ्या घेतो हे लपवू नये. गुरुजनांनाही सांगावे आणि डॉक्टरांनाही सांगावे. सत्य सांगितले म्हणजे दोघेही योग्य मार्ग दाखवितील.

एका थेंबाचा मोह

थेंबभर रक्तातून सर्व काही समजावे, हा मोह जगाला फार आहे. अमेरिकेत २००३ मध्ये स्थापन झालेल्या थेरानोस कंपनीने बोटाच्या रक्तातून अनेकानेक चाचण्या करण्याचा दावा केला, कोट्यवधी डॉलर उभे केले. २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने त्या दाव्यातील पोकळपणा उघड केला आणि २०२२ मध्ये कंपनीच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना फसवणुकीबद्दल अकरा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. रोगी मात्र चुकीचे अहवाल घेऊन घरी गेले होते.

या उलट, प्रामाणिक प्रयत्न आपल्या महाराष्ट्रात झाले. ठाण्याच्या बायोसेन्स टेक्नॉलॉजीज या तरुण डॉक्टर-अभियंत्यांच्या कंपनीने २०१३ मध्ये लघवीची पट्टी मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचण्याची पद्धत जगापुढे मांडली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांना पत्र लिहून विचारले की या पद्धतीला मान्यता घेतली आहे काय, कारण मान्यता पट्टीला डोळ्यांनी वाचण्यासाठी होती, मोबाइलने वाचण्यासाठी नव्हती. यातून एक धडा घ्यावा. पट्टी आणि तिचे यंत्र ही जोडी असते. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या यंत्रात घालू नये. त्याच कंपनीचा ‘सुचेक’ हा स्वदेशी ग्लुकोमीटर २०१४ मध्ये आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रोत्साहनाने पुढे आला. पट्टीची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणे हा त्यामागील उद्देश होता, आणि तो फार मोलाचा होता. कारण मधुमेहात यंत्र एकदाच घ्यावे लागते, पट्टी जन्मभर.

शिबीर कसे असावे?

आता विश्वस्तांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर.

प्रत्येक व्यक्तीसाठी नवी सुई, आणि तीही एकदा टोचल्यावर आपोआप निकामी होणारी. एकच टोचणी-पेन अनेकांना वापरल्याने कावीळ-ब पसरल्याच्या घटना प्रगत देशांतही नोंदल्या गेल्या आहेत. सेवा करताना रोग वाटला तर ती सेवा कसली? वापरलेल्या सुया छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात जमा करून जैववैद्यकीय कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडेच सोपवाव्यात. त्या उकिरड्यावर गेल्या तर सफाई करणाऱ्या माणसाचा हात रक्तबंबाळ होतो. अहिंसेचा विचार तेथवर पोहोचला पाहिजे.

शिबिराच्या सकाळी दोन-चार व्यक्तींचे शिरेतील रक्त प्रयोगशाळेत पाठवून यंत्राचा आकडा ताडून पाहावा. आकडा मोठ्याने पुकारू नये. तो ज्याचा त्याला कागदावर लिहून द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंदवही ठेवावी. कोणाचा आकडा वाढलेला आहे, तो पुढे कोठे गेला, औषध सुरू झाले काय, तीन महिन्यांनी पुन्हा आला काय? शंभर पट्ट्यांत शंभर माणसे एकदा तपासता येतात, अथवा ज्यांना खरोखर गरज आहे अशी पंचवीस माणसे वर्षातून चार वेळा. पहिल्या शिबिराचे छायाचित्र चांगले येते. दुसऱ्या मार्गाने माणसे वाचतात. मी म्हणेन, एक शिबीर घ्या आणि उरलेल्या पट्ट्या त्यातून निघालेल्या गरजूंसाठी राखून ठेवा.

ज्यांना खाजगी तपासणी परवडत नाही त्यांच्यासाठी आपल्या शहरात सर्वोपचार रुग्णालय आहे आणि २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तीस वर्षांवरील नागरिकांची साखर व रक्तदाब तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम गावपातळीवर आशा कार्यकर्त्यांच्या मदतीने चालतो. न्यासाने त्यांच्याशी सांगड घालावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’च्या निष्कर्षांनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. हा डोंगर कोणा एका संस्थेने हलणारा नाही, परंतु आपल्या पेठेपुरता आपण नक्की हलवू शकतो.

बंधू-भगिनींनो, पट्टी हे उत्तम साधन आहे. ती मधुमेहीच्या हाती असावी, उपवास करणाऱ्याच्या घरी असावी, खेड्यातील आशा कार्यकर्तीच्या पिशवीत असावी. परंतु ती औषध नाही, निदान नाही आणि अभयदान तर नाहीच नाही. तिने दाखविलेल्या आकड्यानंतर जे करावयाचे ते आपल्याला करावे लागते. जेवणातील तळण कमी करणे, ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी आणि जवसाची चटणी यांना पुन्हा ताटात मान देणे, दुकानाच्या गादीवरून उठून रोज अर्धा-पाऊण तास चालणे आणि लिहून दिलेली गोळी न चुकता घेणे, यांची जागा कोणतीही पट्टी घेऊ शकत नाही.

तेव्हा विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देतो. साखरेच्या पट्ट्या अवश्य घ्या, कोलेस्टेरॉलसाठी शक्यतो प्रयोगशाळेचा मार्ग धरा आणि जितका पैसा तपासणीवर खर्च कराल तितकाच पाठपुराव्यावर राखून ठेवा. असे झाले तर हे सुवर्ण महोत्सवी वर्ष पेठेतील अनेक घरांच्या कायम स्मरणात राहील.